कोमट झरा

मोजणीदाराने कुंडात हात घातला आणि तो तसाच ठेवला. डोंगराच्या पोटातून येणारं पाणी भर उन्हाळ्यातही बोटं बधिर करतं. हे कोमट होतं.

"काय झालं? आहे ना पाणी?" थोरल्या भावाने विचारलं.

"आहे."

"मग लिही की."

थोरला मेंढपाळ, धाकटा मोजणीखात्यात. ऐन उन्हाळ्यात जिवंत असेल त्याच झऱ्याला नकाशावर निळा ठिपका मिळे, आणि ठिपका नसलेलं कुरण चराईला बंद होई. आपल्या माणसाचं कुरण परक्याने का तपासावं, म्हणून धाकट्याने हे काम हट्टाने मागून घेतलं होतं. आता वाटत होतं, परकाच बरा होता. लहानपणी थोरल्याने थापा माराव्यात आणि धाकट्याने त्या खऱ्या मानाव्यात, हे ठरलेलंच. पण पाण्याच्या बाबतीत त्याला गंडवणं आता सोपं राहिलं नव्हतं. त्याने खडकाच्या फटीत बोट घातलं. फट ठणठणीत कोरडी होती.

"दादा, कुठून आणलंस?"

थोरला खेचराची दोरी उगाच सोडत-बांधत राहिला. "खालच्या ओढ्यातून. गुडघ्यांनी पार जीव घेतला."

"मला सांगायचं तरी."

"सांगून तू काय करणार होतास?"

मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या खिंडीत जुन्या ठिपक्याच्या भरवशावर कुणीतरी कळप वर आणला होता. आटलेल्या झऱ्याभोवती मेंढ्या एकमेकींवर माना टाकून मेलेल्या मोजणीदाराने पाहिल्या होत्या.

"उद्या दुसरा कुणी नकाशा बघून इथं आला तर?"

"मला काय कळत नाही? पण खाली जाऊन करू काय? तुझी वहिनीही गेली. इथं निदान मेंढ्यांशी बोलता तरी येतं."

तरी धाकट्याने पेन्सिल काढली आणि झऱ्याच्या जागी पोकळ वर्तुळ काढलं. आटलेल्या झऱ्याची तीच खूण होती.

थोरल्याने वाकून पाहिलं. "एवढंसंच?"

"एवढंसंच."

थोरल्याने आपल्या राहत्या आडोशाकडे जाऊन छपराच्या ताडपत्रीच्या गाठी सोडायला घेतल्या.

"बघत काय बसलास? ते टोक धर."

दोघांनी ताडपत्री ताणून झटकली आणि तिची घडी घालायला घेतली. प्रत्येक घडीला ते पाऊलभर जवळ येत गेले. शेवटी धाकट्याच्या हातातली टोकं थोरल्याने काढून घेतली.