दुसरा ब्रेक

बाबांच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या बाबांच्या पायाशी. गावभर त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्याकडे गाडी शिकलेली माणसं भर रस्त्यात थांबून त्यांची विचारपूस करत, आणि मागून हॉर्न वाजवणारेही बऱ्याचदा त्यांचेच विद्यार्थी असत.

ते गेले ते दुपारी, दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात, खुर्चीत बसल्या बसल्या. मी शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी पुस्तकाची प्रुफं तपासत होते. मला काहीही ऐकू आलं नाही.

थोडे दिवस गेल्यावर आईने जाहीर केलं, "गाडी विकायची नाही. मी शिकणार आहे."

"या वयात?"

"मग काय, पुढच्या वयात? बहिणीला भेटायचं तर दर वेळी कुणाच्या तरी हातापाया पडा. कंटाळले मी."

मावशी डोंगरापलीकडे राहते. रस्ता वळणांचा, अरुंद.

"बाबा होते तेव्हा का नाही शिकलीस?"

"नवऱ्याने बायकोला गाडी शिकवली की संसार गॅरेजात जातो, असं तेच म्हणायचे. लेकीने शिकवलं तर काय, ते म्हणाले नव्हते. आणि गाडी तुला येतेच."

अशी मी मास्तरांच्या जागेवर बसले.

ताओ, म्हणजे जुन्या चिनी ग्रंथांत सांगितलेली जगाची सहज वाट, मला तोवर पुस्तकांतून माहीत होता. कॉलेजात असल्यापासून मी वेगवेगळी भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून वाचत आले होते. कोण कुठल्या शब्दावर घसरलं आहे ते सांगू शकले असते. त्यापलीकडे आमची ओळख नव्हती. बाबा गेल्यावर माणसं धीर द्यायला आली. ते चांगल्या ठिकाणी असतील, वरून बघत असतील, असं म्हणाली. मनापासून म्हणत होती, म्हणून मी मान डोलावत राहिले. पण सकाळी उठल्यावर हात जायचा तो त्या जुन्या पुस्तकांकडे. एखादं पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि खिडकीशी नुसतं बसायचं. तिथे मला कुणी कसलं वचन देत नव्हतं. पुन्हा भेट होईल असं नाही, दुःख हलकं होईल असंही नाही. जे चाललं आहे त्याच्या आड येऊ नकोस, एवढंच. कसलंच वचन न देणाऱ्यावर माझा विश्वास बसत गेला.

"काय करतेस गं तिथे बसून?" आईने विचारलं.

"काही नाही. काही न करणंच शिकतेय."

"त्याला एवढी पुस्तकं लागतात? तुझ्या मामाला तर ते जन्मतःच येतं."

गाडीत मात्र माझा पाय ऐकत नव्हता. आपण ब्रेक दाबला हे मला कळायच्या आत गाडी आचके देऊन थांबलेली असायची.

"दाबलास पुन्हा?"

"समोर सायकलवाली होती."

"होती ना. दिसली मला. मी हळू केलीच होती."

"मला वाटलं, तुझं लक्ष नाही."

आईने गाडी कडेला घेतली. तीही नीट घेतली. मग आरशात बघत म्हणाली, "सकाळी खिडकीत बसून काही करत नाहीस आणि इथे बसलीस की सगळंच करतेस. गाडी मी चालवतेय की तू?"

मी पाय ब्रेकवरून मागे घेतला.

त्या संध्याकाळी गाडी धुताना मी पायाखालची रबरी चटई काढली आणि वाकल्यावर दोन्ही ब्रेक एकदम दिसले. शिकणाऱ्याच्या ब्रेकवरचं रबर इतकं झिजलं होतं की कडेने लोखंड उघडं पडलं होतं. बाबांच्या ब्रेकवरच्या रबराच्या रेषा नुकत्याच दुकानातून आणल्यासारख्या होत्या. फक्त एका कोपऱ्यात ताजी झीज होती. ती माझी.

लहानपणी मी मागच्या सीटवर बसून त्यांच्या शिकवण्या पाहिल्या होत्या. बाबा खिडकीबाहेर बघत बसायचे. कुठल्या झाडाला पालवी फुटली, कुठल्या दुकानाची पाटी बदलली, असलं बोलायचे. मास्तरांचं लक्षच नसतं, अशी नव्या शिकणाऱ्यांची तक्रार असे. मग मान न वळवता बाबा म्हणायचे, "दुसऱ्या गिअरवर घे." ते इंजिन ऐकत असायचे. पाय ब्रेकजवळच असायचा, आणि तिथेच राहायचा.

ताओ हा शब्द त्यांना माहीत नव्हता. मी समजावून सांगितला असता तर "बरं" म्हणून पुढचा घास घेतला असता. त्यांना संत करायची मला गरज नाही. भाजीत मीठ कमी पडलं की ते घर डोक्यावर घेत. पण मी पानापानांत शोधत होते ते गाडीच्या तळाशी, चिखलात, माझ्यासमोर होतं. आणि माझी चूकही तिथेच होती. बाबा गेले त्या दुपारी शेजारच्या खोलीत मला दाबायला काही नव्हतं. तेव्हा न मिळालेला तो ब्रेक मी आता आईच्या गाडीत दाबत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीशी बसणं बंद केलं नाही. त्याच बसण्याला गाडीत घेऊन गेले. पाय ब्रेककडे जायला धडपडे, मी त्याला धडपडू देई आणि बाहेर बघे. परीक्षेच्या दिवशी मी गाडीत नव्हते, म्हणून आपण पहिल्याच खेपेला पास झालो, असं आई सगळ्यांना सांगते.

मग आम्ही मावशीकडे निघालो. चढावरच्या एका वळणावर समोरून ट्रक आला. दोन्ही गाड्या मावतील एवढा रस्ता नव्हता. माझ्या पोटरीत कळ आल्यासारखं झालं. दरीच्या बाजूला एक वाळकं झाड होतं. मी त्याच्या फांद्या बघत राहिले. आईने गाडी थांबवली, रिव्हर्स गिअर टाकला आणि सावकाश, आरशात बघत, वळणाच्या रुंद भागापर्यंत मागे नेली. ट्रक निघून गेला. ड्रायव्हरने हात वर केला, आईनेही केला.

"घाबरलीस?" तिने विचारलं.

"हो."

"मीही. पण दाबला नाहीस."

"नाही."

मावशीकडे जेवण झालं. दुपार कलू लागल्यावर आई उठली आणि किल्ली बोटात फिरवत म्हणाली, "उजेड आहे तोवर निघते. एकटी जाते. तू उद्या बसने ये."

माझ्या तोंडाशी डोंगर, वळणं, ट्रक, सगळं आलं. ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"बरं," मी म्हणाले.

गाडी फाटकातून बाहेर पडली. शेजारची सीट रिकामी होती, आणि तिच्यापुढचा ब्रेकही.

"अगं, सोडलंस तिला?" मावशी धावत बाहेर आली. "फोन कर, फोन कर आधी!"

"गाडी चालवतेय ती, मावशी."

गाडी वळणाआड गेली. मावशी फाटकाशीच उभी राहिली. मी आत जाऊन आम्हा दोघींसाठी चहा ठेवला.