तपासणीच्या टेबलापुढचा पडदा

मी एक जुना हिरवा पडदा आहे. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, तपासणीच्या टेबलापुढे लोखंडी सळईवर लटकतो. मित्रांनो, माणसांची माझ्यावर फार श्रद्धा आहे. मला ओढलं की आवाजही अडतो, असं त्यांना वाटतं. त्यामुळे माझं सामान्यज्ञान पुष्कळ वाढलं. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मला चौकातल्या शिंप्याने शिवलं. आधी कापड भिजवलं, वाळवलं, मगच कात्री लावली. "न भिजवलेलं कापड जावयासारखं असतं," तो म्हणे, "खरा स्वभाव नंतर कळतो." पहिली काही वर्षं माझं कौतुक झालं. मग खालची शिवण उसवली आणि सगळे माझ्यावरून पाय ओढत जाऊ लागले.

एके दिवशी त्याच शिंप्याची बायको माझ्याआड आली.

"ओटीपोटात पुन्हा दुखतंय. अंगावरूनही जातंय. मागच्या गोळ्यांनी बरं वाटलं होतं."

"आणि तुमच्या यजमानांनी घेतल्या त्यांच्या गोळ्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्यांच्या खणात पडल्यात. म्हणतात, मला काय धाड भरलीय?"

"अहो, क्लॅमिडिया आहे हा. शरीरसंबंधातून पसरणारा जंतू. बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही. तुम्ही बऱ्या होता, ते पुन्हा देतात. असंच चालू राहिलं तर गर्भनलिका खराब होतील. मग दिवस राहणं अवघड."

"त्यांनी झबली शिवून ठेवलीत," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला आणलं. तो आला गळ्यात टेप अडकवून. "पडद्याची शिवण उसवलीय ना, म्हटलं बघून घ्यावी," असं म्हणत त्याने माझी उंची मोजली. मग पुन्हा मोजली.

"वाढलाय का तो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बायको मागून म्हणाली, "अहो, कोट शिवताना नुसतं अस्तर भिजवून वरचं कापड कोरडं ठेवता का कधी?"

"छे. पहिल्याच धुण्यात चोळामोळा होईल."

"मग मला एकटीलाच किती वेळा भिजवणार?"

शिंपी सुईत दोरा ओवत राहिला. "पण हे मुळात आलं कुणाकडून, ते आधी..."

"ते शोधत बसाल तर हे दुखणं इथेच मुक्काम करील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लग्नाआधीचंही असेल. गप्प बसून राहतं ते. ही घ्या बाटली. लघवी तपासायचीय."

त्याने आधी माझी शिवण पुरी केली, दुहेरी. मग बाटली घेऊन गेला. दोघांनी एकाच वेळी गोळ्या घेतल्या, त्या संपून दोघं बरी होईपर्यंत वेगळी निजली आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासून गेली. दोघंही निर्दोष निघाली. झबली अजून फळीवरच आहेत, पण आता त्यांना आशा आहे. आणि माझी शिवण त्यानंतर उसवलेली नाही. एका जंतूमुळे माझं भलं झालं, असं म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी शिंपिणीचे आभार मानतो.

मित्रांनो, जंतू निरोधपुढे हात टेकतो आणि माणसं निरोध मागायला लाजतात, हा काही न्याय नव्हे. लाज माझ्यापाशी ठेवा, त्यासाठीच मी आहे. मला धुवायचं राहिलं तरी चालेल. पण तपासायला याल तेव्हा एकट्याने येऊन निम्मंच बरं होऊ नका. बाहेरचा बाक दोघांना पुरतो.