दोन हातोड्यांचा एक घाव

या मित्रांनो, जवळ या. अजून थोडे सरका, लाजू नका. माझ्या अंगाला तेलाचा वास येतो खरा, पण तो काही चावत नाही. आज तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात मारहाण आहे, रक्त आहे, फुटलेली काच आहे. तरी भिऊ नका. ऐकून उठाल तेव्हा मुठीत धरलेले काहीतरी खाली ठेवून उठाल, एवढा शब्द देतो.

मी कोण? एका जुन्या मोटारीच्या पोटाखाली आडवा पडलेला पॉवर स्टिअरिंगचा रॅक. लांबोडकी लोखंडी नळी समजा. दिसायला ना रूप ना रंग. गाडीचे कौतुक करणारे तिच्या चकचकीत बंपरवरून हात फिरवतात, माझ्यापर्यंत कोणी वाकत नाही.

माझा जन्मच माराचा. भट्टीत तापवले, पाण्यात बुडवून चरचरवले, आणि माझ्या पोटातल्या दांड्यावर धारदार पात्याने एकेक दात कापला. उरलेला दांडा घासून असा गुळगुळीत केला की त्यात तोंड दिसावे. मग त्याच्या दोन्ही टोकांना रबरी कड्या बसवल्या. त्यांना सील म्हणतात. पंप माझ्या पोटात तेल रेटतो, त्या रेट्याने दांडा सरकतो आणि चाके वळतात. माणसाने वर बसून हातातल्या चाकाला नुसता इशारा करायचा. खालची कुस्ती मी खेळतो. पण तो सगळा रेटा पोटातच अडवून धरते ती ही इवलीशी कडी. खवळलेल्या तेलाला बाहेर धावायचे असते. कडी म्हणते, नाही जायचे.

मला नशिबाने मालक देवमाणूस मिळाला. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. ते गाडी भाड्याने चालवायचे. आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायचे, बाळंतिणींना घरी सोडायचे. फेरी संपली की बॉनेटवर तळवा टेकून क्षणभर डोळे मिटायचे. "लोण्यासारखं वळतंय बघ," असे ते बायकोला, म्हणजे घरातल्या आईंना, म्हणाले की माझे लोखंड ऊनऊन व्हायचे.

मग एका सकाळी त्यांच्या अंगावरून वारे गेले. डावा हात लाकडासारखा लोंबू लागला. कित्येक महिने गाडी अंगणात धूळ खात उभी होती. लोक म्हणाले, संपले. एक दिवस आईंनीच दार उघडून त्यांना आत बसवले, त्यांनी इंजिन चालू केले आणि एकट्या उजव्या हाताने मला हाक दिली. मी सगळा जीव ओतला, मित्रांनो. गाडी हलकेच वळली.

"अगं, बघ! हात परत आला माझा! हा बघ, खाली बसलाय!"

"बघतेय. तुम्ही समोर बघा आधी, तुळस जाईल." त्या आनंदातही आईंची सूचना सुटली नाही.

तेव्हापासून मी बाबांचा डावा हात झालो. हे लक्षात ठेवा. पुढचे सगळे त्यावरच आहे.

त्यांना एक मुलगा. पोरगा मनाचा निर्मळ, पण डोके म्हणजे पेटता स्टो. सगळी गल्ली त्याला भडक्या म्हणायची. त्याच्या हाती गाडी आली की माझे हाल सुरू. चाक अगदी टोकापर्यंत पिळायचा आणि तिथेच दाबून धरायचा, वर पाय ॲक्सिलरेटरवर. पंप किंचाळायचा. तेलाला पुढे जायला वाट नाही, मागे फिरायला जागा नाही; ते माझ्या कड्यांवर धडका मारायचे. कोणी आडवे आले की हा शिव्या देत फुटपाथवर चाक चढवायचा आणि तो दणका माझ्या दातांत उतरायचा.

शेवटी एक कडी थकली. गाडीखाली लाल तेलाचा थेंब पडला. मग दुसरा.

सगळ्यांत आधी तो पाहिला आईंनी. त्यांनी टवका उडालेली एक पांढरी ताटली आणून गाडीखाली सरकवली. रोज सकाळी चुलीकडे जाण्याआधी त्या वाकून ताटली बघायच्या, पुसायच्या, परत ठेवायच्या. "अरे, हिला दाखव कुणाला तरी," म्हणून त्या भडक्याच्या मागे लागल्या.

"दाखवायचंय काय त्यात? तेल कमी झालं की वर ओतायचं. झालं!"

आणि त्याने ओतले. फडताळात सारखे दिसणारे दोन डबे होते. ब्रेकचे ऑइल माझ्या पोटात गेले. लोखंडाला त्याचे काही नाही, पण माझ्या रबराला ते विष. कड्या फुगल्या, मऊ पडल्या, कुजू लागल्या. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी फक्त ठिबकू शकतो.

त्या दिवशी बाबा चालवत होते, शेजारी आई. उताराचे वळण आले. बाबांनी चाक वळवायला घेतले आणि माझी कडी फाटली. उरलेसुरले तेल भसकन रस्त्यावर गेले. पंप कोरडा रडला. लोण्यासारखे चाक दगड झाले. बाबांचा एक हात त्याला ओढत होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि समोरची भिंत जवळ येत होती.

"व्हा बाजूला!" म्हणत आईंनी दोन्ही हात चाकात घातले आणि अंग टाकून ओढले. गाडी वळली, पण पूर्ण नाही. भिंतीने आमची एक बाजू सोलून काढली. दिवा फुटला, पत्रा कागदासारखा फाटला, पुढचे चाक दगडावर आपटले. तो तडाखा माझ्या दांड्यातून वर गेला, हातातले चाक गर्रकन उलटे फिरले आणि त्याची लोखंडी दांडी आईंच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्याच अंगातून गेलेला घाव होता तो.

दोघे जगले. तो वरचा तारणारा आहेच. पण त्याने त्या दिवशी आईंचे हात वापरले.

गाडी ओढत गॅरेजात नेली. गॅरेजवाला आडदांड, सगळे त्याला घणमामा म्हणत. त्याने गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली, खाली सरपटला आणि म्हणाला, "उघडून बघू. जमलं तर दुरुस्त करू."

"दुरुस्त नाही करायचा!" भडक्या दारातूनच गरजला. "ह्या भंगारानं माझ्या आईचा हात मोडला. काढा आणि फेका. साधा रॅक बसवा, पॉवर-बिवर नको."

"साधा बसवला तर तुझ्या बाबांना एका हातानं वळेल का रे?"

"त्यांनी चालवायचीच नाही आता!"

बाबा कोपऱ्यात एका टायरवर बसले होते, शेजारी आई. उजव्या हाताने बाबांनी आपला डावा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला, एखादी परकी वस्तू ठेवावी तसा.

मामा म्हणाला, "आधी दोष कुणाचा ते बघू दे, मग फेक."

एवढे पुरले. भडक्याने लोखंडी गज उचलला आणि उरलेला दिवा फोडला. मग बॉनेट. मग वाकून माझ्यावर घाव घातला, खण्ण! माझ्या दातांत झिणझिण्या आल्या. मामाने त्याची कॉलर धरून थोबाडीत दिली. ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आले. भडक्याने त्याला फळकुटावर ढकलले, नट पिळायचे पाने खळाखळा सांडले, आणि गज मामाच्या डोक्यावर उचलला गेला.

तो खाली आला नाही. मध्ये आई उभ्या होत्या, गळ्यात प्लास्टरचा हात अडकवलेला.

"मार," त्या म्हणाल्या. "पण ह्याच्यावर मार. मोडलेलाच आहे, नवा खर्च नाही."

गज फरशीवर पडला. बराच वेळ घरंगळत राहिला.

"भाऊ," आई मामाला म्हणाल्या, "तुम्ही उघडा. पण ह्याला बरोबर घ्या. मारायची एवढी हौस आहे ना, कामाचं मारू दे."

आता जरा लक्ष द्या. माझी टोके चाकांच्या लोखंडी कानांत रुतलेली असतात. नट सोडला तरी ती सुटत नाहीत. एका बाजूने मारले तर कान वाकतो किंवा तुटतो. म्हणून दोघांनी समोरासमोर बसायचे आणि दोन हातोड्या दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी हाणायच्या. एकीने मागेपुढे केले तर घाव वाया, नाहीतर समोरच्याची बोटे चेचली.

फाटका ओठ घेऊन भडक्या एकीकडे बसला, सुजल्या खांद्याचा मामा दुसरीकडे.

"माझ्या डोळ्यांत बघ. हातोडीकडे नको," मामा म्हणाला. "एक... हाण!"

ठण्ण-ठाण. चुकले.

"कीर्तनात टाळ धरलेत का कधी? तस्सं. एक... हाण!"

पुन्हा चुकले, आणि मामाच्या अंगठ्याची साल गेली. भडक्याने मान खाली घातली. मामा अंगठा चोखत म्हणाला, "वर बघ रे. तुझी एक थोबाडीत बाकी होती, फिटली. हाण!"

आणि मग दोन हातोड्यांचा एक घाव बसला. एकच आवाज. माझे टोक टक्कन मोकळे झाले. आयुष्यात खूप मार खाल्ला, मित्रांनो, पण इतका गोड घाव दुसरा नाही.

मला बाकावर आडवे करून उघडले. कड्या भिजल्या कागदासारख्या बोटाला चिकटून आल्या. मामाने वास घेतला आणि भडक्याकडे पाहिले. "ब्रेकचं ऑइल."

"डबा... सारखाच होता."

"चुना आणि साखर दोन्ही पांढरंच असतं. चहात चुना घालतोस काय?"

भडक्या पांढरा पडला. त्याने बाबांकडे पाहिले, आईंच्या हाताकडे पाहिले आणि मूठ वळून भिंतीवर हाणली.

"भिंतीनं काय केलंय तुझं?" आई म्हणाल्या. "एक भिंत पुरे झाली आम्हाला."

पण अडचण अजून होती. माझ्या दांड्यावर गंजाने एक खरबरीत फोड आणला होता. तिथून दांडा सरकला की नवी कडीही कापली जाणार. "फोड गुळगुळीत झाला तर हा रॅक वाचला," मामा म्हणाला, "नाहीतर पोराचं खरं. साधा बसवायचा."

कोणी काही सांगितले नाही. भडक्याने बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवला आणि घासायला बसला. ज्या हातांनी गज चालवला ते हात आता असे चालत होते, जसे तान्ह्याचे अंग चोळावे. मामा यायचा, नख ओढायचा. "अडकतंय. परत." दिवसामागून दिवस तेच. भडक्याची बोटे फाटली, तो थांबला नाही. शेवटी त्याने दांडा आईंपुढे धरला. त्यांनी डाव्या हाताचे नख डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढले.

"नाही अडकत रे," त्या म्हणाल्या.

नव्या कड्या बसल्या. योग्य तेल पडले. पोटातली हवा निघून जावी म्हणून पुढची चाके अधांतरी ठेवून भडक्या चाक इकडून तिकडे हळूहळू फिरवत होता, आणि टोकाला पोचण्याआधीच हात सैल सोडत होता. पहिल्या सकाळी आईंनी ताटली ओढून पाहिली. कोरडी. तरी पुसली आणि परत ठेवली.

मग बाबा बसले, शेजारी आई, मागे भडक्या. तेच उताराचे वळण आले. भिंतीवर आमचा रंग अजून होता. बाबांनी एका हाताने इशारा केला, मी सरकलो, आणि गाडी लोण्यासारखी वळू लागली. तेवढ्यात मला चाकावर दुसराच हलका स्पर्श जाणवला. आईंचा हात आपसूक पुढे आला होता. वाकडे जुळलेले मनगट, पूर्ण मिटत नाही अशी मूठ. क्षणभर तो चाकाला टेकला. गाडी वळतेय असे कळले, तेव्हा परत मांडीवर गेला. मागे भडक्याने तोंड खिडकीकडे फिरवले.

मित्रांनो, वाहन असो की माणूस, त्याला टोकापर्यंत पिळून दाबून धरू नका. ठिबकू लागले तर नुसते वरून ओतत राहू नका, वाकून बघा. आणि तुमच्या घरात आवाज चढेल, कोणाचा हात वर जाईल, तेव्हा माझ्या या आईंची आठवण ठेवा. वाकड्या मनगटाची, पांढऱ्या ताटलीची. त्या अजूनही रोज सकाळी वाकून बघतात.