कुलूप नसलेली फाईल

“टच केलं की गिरणी सुरू होते, काका. बघा ना,” टचस्क्रीन कंपनीचा यशोधन म्हणाला. त्याने टॅबवर बोट ठेवलं आणि त्यात कापड विणायचे साचे खडखडायला लागले. रामदासकाका एकदम ताठ बसले. गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी तो आवाज ऐकलाच नव्हता.

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर गिरणी कामगारांचं म्युझियम होतंय. काका कमिटीचे अध्यक्ष. गिरणीत राबलेल्या बायामाणसांनी जे जे सांगितलं ते टाईप केलंय माझ्या कालिंदीआत्याने. कंपनी भला मोठा टचस्क्रीन फुकट देणार होती. अट एकच, सगळ्या फाईली त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या.

“म्हणजे तुमच्याशिवाय उघडणार नाहीत,” आत्या म्हणाली.

“सिक्युरिटी असते ती, मॅडम.”

“कोण चोरणार रे म्हाताऱ्यांच्या आठवणी?” मी बोललेच. आत्याने मांडीला चिमटा काढला.

आत्या आधी ठाकूरद्वारला डीटीपीच्या दुकानात होती. परळचे दौलतकाका जलशात गायचे, त्यांची गाणी तिनेच टाईप केलेली. फॉन्ट, फाईल, सगळं तेव्हाच्या एका कंपनीचं. ती कंपनी गेली. दौलतकाकापण गेले. मग त्यांची बायको रमाबाई त्या टाईप केलेल्या गाण्यांची सीडी घेऊन आल्या, तर स्क्रीनवर नुसते कंस, टिंबं आणि एबीसीडी. नवऱ्याचं नावसुद्धा वाचता येईना. आत्याने खटपट करून काही गाणी काढली. बाकीची गेली ती गेलीच.

“आपण ओपन फॉरमॅट घ्यायचा,” ती आता म्हणाली. “कुठल्या एका कंपनीच्या ताब्यात नसलेली फाईल. कुणाच्याही मशीनवर, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली पाहिजे.”

काका भडकले. “फाईली कोण वाचतलो, कालिंदी? माका तो आवाज व्हयो. मराच्या आधी एकदा तरी ह्या खोलीत ऐकूचो आसा!”

आत्याचं तोंड उतरलं. काका नाही म्हणाले की संपलं, हे तिला माहीत होतं. तरी तिने यशोधनला विचारलं, “उद्या तुमची कंपनी बंद पडली तर?”

तो हसला. “एवढी मोठी कंपनी, मॅडम! बंद कशी पडेल?”

कमिटीत सगळे गिरणीतलेच. टॅबवर साचे खडखडतच होते.

“बंद कर रे ता,” काका म्हणाले. मग अगदी हळू, “आमचो मॅनेजरपण ह्याच बोललो होतो, बाळा.” चष्मा पुसला, परत लावला. “कालिंदी, तुझ्या त्या फाईलीत टाक सगळा.”

उद्घाटनाला टचस्क्रीन नव्हता. होता आत्याचा जुना कॉम्प्युटर. भिंतीत कंपनीवाल्यांनी आधीच पाडून ठेवलेली चार भोकं तशीच. एका कॉलेजच्या पोराने विचारलं, “इथे काय लागणार आहे, काका?”

“काय नाय,” काका छाती काढून म्हणाले. “तुझो मोबाईल काढ. माझी फाईल घे. बघ उघडता काय.”

आत्याने फाईल पाठवली. मी नखं खात बघत होते. उघडली. पोरगा मोठ्याने वाचायला लागला, “माझं नाव रामदास गोविंद परब. मी साचेवाला...”

“थांब, थांब,” काका म्हणाले. “कांता भायर बसली हा. तिच्यासमोर वाच.”

आणि शर्टाचं वरचं बटण लावत ते बायकोला बोलवायला गेले.