अमेरिकन लोखंड

मी एक जुनी अमेरिकन मोटार आहे. मित्रांनो, जुनी खुशाल म्हणा, भंगार म्हणू नका. तसं म्हणणाऱ्या एकाच्या बोटांवर मी दार आपटलेलं आहे. जबलपुरात मदन महालला एका पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी असते. माझ्या डावीकडच्या सीटवर कुणी बसलेलं नसतं, तरी दुपारी तिची स्प्रिंग दबते. ते का, एवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यात झाला. तिथं तेव्हा लोखंडाला तोटा नव्हता. माझ्या बंपरवर चार माणसं उभी राहिली तरी मी हूं म्हणत नाही. एका परदेशी इंजिनियरसोबत मी बोटीनं इकडे आले. तो मायदेशी गेला आणि मला लिलावात सोडून गेला. तोफांच्या कारखान्यात फिटर असलेल्या भाऊरावांनी मला घेतलं. त्यांची बायको इंदिराबाई सोबत होत्या. बाजारात माठ पारखतात तशी त्यांनी माझ्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हे लोखंड आहे. बाकीचे सगळे डबे."

माझं स्टेअरिंग डाव्या बाजूला आहे. आपल्या रस्त्यावर पुढचा ट्रक उजवीकडून ओलांडायचा असतो, आणि डावीकडे बसलेल्याला ट्रकच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. म्हणून भाऊराव चालवायचे आणि इंदिराबाई उजवीकडे बसून रस्ता बघायच्या. खिडकीतून मान काढून त्या "निघा" म्हणाल्या की ते निघायचे, "थांबा" म्हणाल्या की थांबायचे. नागपूरला लग्नाला, जवळच्या पाटनला मटार आणायला, तीस वर्षं असंच चाललं. शेजारी म्हणायचे, भाऊरावांचे डोळे बायकोजवळ आहेत. "जीभ पण," इंदिराबाई म्हणायच्या.

पुढे भाऊरावांचे गुडघे दुखायला लागले. माझा क्लच दाबताना ते ओठ चावायचे. मी पेट्रोल लोट्यानं प्यायचे, आणि मे महिन्यात चढ लागला की माझं पाणी उकळायचं, हेही खरं. एका सकाळी ते म्हणाले, "इंदिरा, हिला विकून टाकू. जपानी घेऊ. माझ्यासोबतचे सगळे घेऊन राहिले. चावी फिरवली की चालू, कुरकुर नाही."

"जपानी म्हणजे बिस्किटाचा डबा. टक्कर झाली की आतले चुरा."

"तू बसली का कधी त्यात?"

"मला बसायचं पण नाही. आज तुम्ही एकटेच जा पाटनला. बघू, कोण रस्ता दाखवते तुम्हाला."

ते एकटे गेले. रस्त्यात पुढे मटाराचा ट्रक होता. भाऊराव बराच वेळ त्याच्या मागे राहिले. दोनदा त्यांनी उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग स्वतःच वाकून बघितलं आणि निघाले. समोरून ट्रॅक्टर आला.

माझा एक दिवा फुटला. बंपरला बोटभर पोचा पडला. भाऊराव घरी आले नाहीत.

तेराव्याला आलेली माणसं शेडमध्ये मला बघायला आली. "देखो भैया, गाडी को कुछ नहीं हुआ," ती एकमेकांना सांगत. इंदिराबाई ताठ उभ्या राहून ऐकत. "अमेरिकन आहे," त्या म्हणत. खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकून बरं वाटत होतं.

सीट दबायला लागली ती त्यानंतर. जेवणं होऊन घर शांत झालं की स्प्रिंग हळूहळू खाली जाते, भाऊराव बसले की जायची तेवढीच. स्टेअरिंग दोन हातांच्या जागी कोमट होतं. ग्रीस आणि साबणाचा वास येतो. पुढे काहीच होत नाही. ते बसून राहतात, आणि उजवीकडून कुणी बोलत नाही. इंदिराबाई दर शनिवारी मला पुसायच्या, काचा, दिवे, पोचासुद्धा. डावी सीट तेवढी त्यांनी अकरा वर्षांत एकदाही पुसली नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा विपुल पांढरी जपानी गाडी घेऊन आला आणि ती माझ्या शेजारी उभी करू लागला. तिचं दार लावलं तरी आवाज होत नसे. वर्ष-वर्ष ती मिस्त्रीचं तोंड बघत नसे. मला सुरू व्हायला तीन माणसं आणि एक उतार लागतो. तरी इंदिराबाई तिच्यात बसल्या नाहीत, रिक्षा करून जायच्या.

"आई, लोक हसून राहिले," विपुल म्हणायचा.

"हसू दे. दात आहेत त्यांना."

गेल्या महिन्यात पाटनच्याच रस्त्यावर गिट्टीच्या डंपरनं त्या पांढरीला समोरून धडक दिली. तिचं तोंड पार आत गेलं. क्रेननं तिला गोहलपुरच्या गॅरेजला नेलं आणि तिथून ती भंगारात गेली. विपुल कपाळाला पट्टी लावून आपल्या पायांनी घरी आला.

घरात दुसरी गाडी उरली नाही. विपुलची मुलगी प्रणोती हिला पाटनच्या शाळेत नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. इंदिराबाईंनी ठरवून टाकलं की ती माझ्यातून जाईल.

"आजी, मला भीती वाटते हिची."

"भीती त्या डब्याची वाटाले पाहिजे. बाप नशिबानं वाचला तुझा. मी बसते ना उजवीकडे. तेव्हा नव्हती बसली." हे शेवटचं त्या माझ्या पोच्याकडे बघत म्हणाल्या.

रविवारी मला तयार करायला गोहलपुरचा नीलकंठ मिस्त्री आला. इंदिराबाई खुर्ची टाकून समोर बसल्या.

"काय रे, त्या जपानीचा कसा भुगा झाला, पाहिला ना?"

नीलकंठ माझ्या खाली झोपला होता. तिथूनच बोलला, "आजी, भुगा झाला म्हणून तर भैया बचले. त्या गाड्या बनवतातच तशा. समोरून मार बसला की गाडीनं चेपायचं, आतल्याले सोडायचं. स्टेअरिंग पण दुमडून खाली जाते."

"आन हिचं?"

तो बाहेर आला, फडक्याला हात पुसत राहिला. "हिच्या स्टेअरिंगचा दांडा सरळ आहे, आजी. भाल्यासारखा. ही चेपत नाही. मग तो मार..."

"बोल ना. काहून थांबला?"

"मग तो मार आतल्या माणसाले जाते."

इंदिराबाई उठल्या आणि घरात गेल्या. त्या दिवशी नीलकंठला चहा मिळाला नाही. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते, मित्रांनो. अकरा वर्षं मी ज्याचं कौतुक करून घेतलं, तो माझा गुन्हा होता.

सोमवारी सकाळी दोघी आल्या. प्रणोती डावीकडे बसली, इंदिराबाई उजवीकडे. प्रणोतीच्या वजनानं सीट दबायला हवी होती. ती आधीच दबलेली होती. स्टेअरिंगच्या दांड्याचं टोक पोरीच्या छातीपासून वीतभर अंतरावर होतं. इंदिराबाईंची नजर रस्त्याकडे गेलीच नाही, ती त्या टोकावर खिळली होती.

"उतर," त्या म्हणाल्या.

"काहून आजी? तूच तर म्हणत होती..."

"काल ते म्हणत होती, आज हे म्हणून राहिली. बसनं जा. आन बापाले सांग, तशीच आण दुसरी. पांढरी."

प्रणोती डबा आणि पर्स घेऊन गेली. इंदिराबाई तशाच बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं, मान न वळवता, त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. वाटलं, आता स्प्रिंग वर येईल. आली नाही. इंदिराबाईंनी हात लांब करून डाव्या सीटवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. प्रणोतीला जाऊन अर्धा तास झाला होता. जागा गरम होती.

मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर ताडपत्री घाला, टायरात हवा भरा. म्हाताऱ्या गाडीला निगा लागते. पण मला रस्त्यावर नेऊ नका, आणि माझ्यात आपलं माणूस बसवू नका. त्या पांढरीला मात्र डबा म्हणू नका. चार वर्षं ती माझ्याशेजारी उभी होती आणि मी गुर्मीत तिच्याशी एक शब्द बोलले नाही. विपुलला घरी पाठवून ती संपली. तिची गोष्ट सांगायला कुणी नाही, म्हणून मीच सांगितली.