नळीच्या तोंडावरचं घरटं

कोरीनने ड्रायरची गाळणी बाहेर ओढली, बोटाने वरून खाली निपटली आणि उजेडाकडे धरली. गाळणी स्वच्छ होती. सकाळपासून मशीन लावलंच नव्हतं, तर कपड्यांची लव येणार कुठून? तरी तिने फुंकर मारली, गाळणी आत सरकवली, दारापर्यंत गेली आणि परत फिरून पुन्हा बाहेर ओढली.

"अगं, निघ आता," शेजारच्या स्वयंपाकघरातून आर्लिस म्हणाली. "बाबा शिडी लावून केव्हाचे उभे आहेत. एकटेच चढतील, आणि मग त्या गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो."

"निघाले, आई."

"कोट घाल. वारा बोचरा आहे."

उन्हाळाभर या घरातले टॉवेल दोन-दोनदा फिरवूनही दमट निघत होते. आर्लिसची रोजची कुरकुर चालली होती, मशीन म्हातारं झालं, नवीन घेऊ या. तिचा नवरा वर्लिन तिला उडवून लावायचा. मशीनला काय धाड भरलीय, नळी तुंबली असेल, ऑक्टोबरात बघू. ऑक्टोबरातला पहिला शनिवार त्याचा. त्या दिवशी पन्हळीतली पानं काढायची, अंगणातला नळ बंद करायचा, आणि ड्रायरची गरम हवा भिंतीबाहेर सोडणारी नळी लांब दांड्याच्या ब्रशने घासून काढायची. मिनेसोटातला बर्फ कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे त्या दिवशी गल्लीत घरोघरी शिडी लागलेली दिसते. गेल्या वर्षी मात्र वर्लिनचा गुडघा बदलला आणि त्याचा शनिवार चुकला. कुणाला तरी बोलावून करून घेऊ, असं आर्लिस म्हणाली होती. तेव्हा त्याने तिच्याकडे असं काही बघितलं, की तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

घर तळ्याच्या उतारावर होतं. पुढून बैठं दिसायचं, पण मागच्या बाजूला जमीन एकदम खाली गेलेली, त्यामुळे नळीचं तोंड चांगलंच उंच होतं. वर्लिन शिडीशी उभा होता, खांद्याला पिशवी आणि तोंडात दोन स्क्रू.

"आलीस? धर. दोन्ही हातांनी."

कोरीनने शिडी धरली. तो चढायला लागला. नवा गुडघा प्रत्येक पायरीवर जरा थबकायचा. अर्ध्यावर तो थांबला.

"गाळणी बघितलीस ना?"

"बघितली, बाबा."

"प्रत्येक वेळी बघतेस ना? मशीन लावायच्या आधी?"

"प्रत्येक वेळी बघते."

"हं," म्हणून तो पुढे चढला.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्या लहानपणापासून तो हेच विचारत आला होता. नऊ वर्षांची असताना तिला स्टुलावर उभं करून त्यानेच दाखवलं होतं, ही लव बघ, काडी लावली तर भुर्रकन पेटते, म्हणून दर वेळी काढायची, विसरायचं नाही. ती विसरली नव्हती. लग्न झालं, स्वतःचं घर झालं, तरी ती सवय सुटली नाही.

पण फेब्रुवारीत तिचं घर जळलं. तिच्या मुलाला, एल्डनला, ताप होता म्हणून शाळेत पाठवला नव्हता. तो वरच्या खोलीत झोपलेला. तिने त्याचे बर्फातले ओले कपडे खाली ड्रायरमध्ये टाकले आणि गाडीपुढचा बर्फ ओढायला बाहेर गेली. फावड्याच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही. मागे वळून बघितलं तेव्हा जिन्याच्या खिडकीतून धूर येत होता. सहा वर्षांचं पोर. अग्निशमन दलाच्या माणसाने टोपी काढून हळूच सांगितलं, नळीत लव साचली होती, तिथूनच लागली.

इस्पितळाच्या बोळात वर्लिनने तिला एकच प्रश्न विचारला. "गाळणी साफ केली होतीस ना, कोरीन?"

ती हो म्हणाली. तिची तशी खात्री होती. पण दफनाच्या दिवशी चर्चमधल्या बायकांनी आणलेली मांस-बटाट्याची हॉटडिश ताटलीत तशीच थंड होत होती, आणि ती आठवत बसली होती, त्या सकाळी गाळणी हातात घेतल्याचं आपल्याला खरंच आठवतंय, की रोजचंच आठवतंय? पुढच्या महिन्यात तिचा नवरा ट्रॉय भावाकडे डाकोटात निघून गेला. जाताना तो एवढंच म्हणाला, की तुझ्याकडे बघवत नाही मला. कोरीन आईबापांकडे राहायला आली. तोवर तिची खात्री पार संपली होती. आपण विसरलो आणि आपलं पोर आपल्या हातून गेलं, हे तिने मान्य करून टाकलं होतं. त्या घरात तिला कुणी दोष दिला नाही, आणि तुझी चूक नव्हती असंही कुणी म्हटलं नाही.

वर ड्रिलचा आवाज झाला. एक स्क्रू गवतात पडला.

"हे टोपण घट्ट बसलंय मेलं," वर्लिन पुटपुटला. "कुठल्या गाढवाने एवढं आवळलं?"

"तुम्हीच, बाबा."

तो हसला. कितीतरी दिवसांत हसला नव्हता. तिलाही जरा हसू आलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

मग टोपण निघालं. त्याच्या मागून काहीतरी सुटलं आणि तिच्या बुटापाशी येऊन पडलं.

एका हाताने शिडी धरून तिने ते उचललं. बशीएवढी गोल, जाड, करडी चकती होती. दाबून दाबून नमद्यासारखी झालेली लव. तिच्या एका अंगावर बारीक चौकोन उमटले होते, सगळे अगदी सारखे. तिने वर बघितलं. नळीच्या उघड्या तोंडावर तारेची जाळी ताणून बसवलेली होती, टोपणाबरोबर एका कडेने उचकटलेली, आणि तिच्या भोकांत अजूनही लव घट्ट भरली होती. एक भोक मोकळं नव्हतं.

वर्लिन जाळीकडे बघत होता. त्याचा हात हवेत तसाच राहिला होता.

ही जाळी तिला ठाऊक होती. गेल्या वर्षी मे महिन्यात चिमण्यांनी तिच्या घराच्या नळीत घरटं केलं होतं. त्यातलं एक पिल्लू खाली फरशीवर मरून पडलं. एल्डनने रडून रडून घर डोक्यावर घेतलं. आजोबाला फोन लाव, आजोबा काहीतरी करेल. आजोबा दुसऱ्याच दिवशी तारेच्या जाळीची गुंडाळी घेऊन हजर. कात्रीने गोल कापून त्याने ती नळीवर बसवली, एल्डनने खाली उभं राहून स्क्रू दिले. आता एकही चिमणी आत शिरणार नाही, समजलं साहेब? मग उरलेल्या तुकड्यातून त्याने आपल्या घरालाही तशीच एक बसवली.

त्या हिवाळ्यात तिच्याकडचेही कपडे दोन-दोनदा फिरवावे लागत होते. तिला वाटलं होतं, मशीन जुनं झालं.

चकतीच्या करड्या थरांमध्ये एका जागी लाल धागे होते. एल्डन आजीकडे राहायला यायचा तेव्हा ज्या लाल पांघरुणाशिवाय झोपायचा नाही, त्याची ती लव होती. तिने शिडी सोडली नाही, पण बोटं आपोआप इतकी आवळली की सांधे पांढरे पडले.

आपण गाळणी साफ केली होती. त्या सकाळी, रोजच्यासारखीच. केली होती.

"बाबा," ती म्हणाली.

त्याने घाईघाईने जाळीचे स्क्रू काढले, जाळी दुमडली, पुन्हा दुमडली आणि खांद्याच्या पिशवीत कोंबली. तार तळव्यात घुसली असावी, कारण बाहीवर रक्ताचा डाग पडला. त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"घरटं," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "चिमण्यांनी घरटं केलं होतं. दुसरं काही नाही."

नळीशेजारची स्वयंपाकघराची खिडकी वर सरकली आणि आर्लिसने डोकं बाहेर काढलं. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"काय निघालं रे?"

"घरटं."

"घरटं कसं निघेल? तू जाळी लावली होतीस ना चिमण्यांसाठी? आपल्याकडे लावलीस, कोरीनकडे लावलीस, दोन्हीकडे एकाच..."

ती मध्येच थांबली. तिने आधी नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं, मग खाली मुलीच्या हातातल्या चकतीकडे. तिचं तोंड उघडंच राहिलं. पिठाचा हात तिने छातीशी धरला.

पलीकडच्या घरी कुणीतरी पन्हळीतली पानं खाली लोटत होतं, त्याचा तेवढा आवाज येत होता.

कोरीन वडिलांच्या बुटांकडे बघत होती. ते तिच्या डोळ्यांसमोरच्या पायरीवर होते, आणि नव्या गुडघ्याचा पाय थरथरत होता. तो थरकाप शिडीतून तिच्या हातांत उतरत होता. बोलायचं तर आत्ताच बोलायचं, हे तिला कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. आठ महिने छातीवर बसलेला दगड तेवढ्याने उतरला असता आणि थेट वर त्या माणसावर जाऊन पडला असता. एकाहत्तर वर्षांचा माणूस. एल्डनने त्याला स्क्रू दिले होते.

तिने चकती कोटाच्या खिशात घातली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

"घरटंच होतं, आई," ती म्हणाली. "जाळी सुटली असेल वाऱ्याने. तू आत जा, थंडी आहे."

आर्लिस जागची हलली नाही. मग तिने खिडकी हळूच खाली ओढली. काचेमागे ती तशीच उभी असलेली दिसत होती.

"बाबा, उतरा आता."

वर्लिनने भिंतीवर कपाळ टेकलं.

"कोरीन, त्या दिवशी तू गाळणी..." तो म्हणाला.

"विसरले होते, बाबा," ती म्हणाली. "मीच विसरले होते. सावकाश उतरा. मी धरलीये."

त्याने एक पाय खालच्या पायरीकडे सोडला, चाचपला, आणि पुन्हा वर घेतला. ती शिडी धरून उभी राहिली. तो काही उतरला नाही.