डाव्या अंगाला

सरांचे हात एकेकाळी बोलके होते. आखडलेल्या खांद्यावर नुसते टेकले तरी खांदा ऐकायचा. रुसलेला गुडघा, हट्टाला पेटलेली कंबर, सगळ्यांची समजूत त्या हातांनी घातली. रुग्ण म्हणायचे, "पोराच्या हाताला गुण आहे हो!" ही कीर्ती रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर पोचली आणि तिथल्या शहाण्यांनी ठरवलं, इतके गुणी हात खाली वाया घालवणं बरं नव्हे. त्यांनी त्या हातांत कागद दिले.

मग काय, पोरगा चढतच गेला. आधी वरिष्ठ फिजिओथेरपिस्ट, मग समन्वयक, मग पुनर्वसन विभागाचा प्रभारी प्रमुख. रुग्णांना जिना शिकवताना तो घोकून घ्यायचा, 'चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.' स्वतःला उतरावं लागेल, हे मात्र कधी त्याच्या मनाला शिवलं नाही. चालण्याला तो 'गतिशीलता' म्हणू लागला, पडण्याला 'अनपेक्षित घटना'. रुग्णाला काहीच म्हणेनासा झाला, कारण रुग्ण भेटायचाच नाही. सगळे त्याला सर म्हणत, आणि आरशासमोर तोही.

अशात आत्याला पक्षाघाताचा झटका आला. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. तिची डावी बाजू पार लुळी पडली, तोंड तेवढं शाबूत राहिलं. "अर्धं अंग गेलं," ती सांगायची, "पण जीभ मधोमध असते ना, म्हणून वाचली."

तिला उभं करायचं काम विभागातल्या सगळ्यात धाकट्या मुलीकडे होतं. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. चिमणी आत्याच्या डाव्या अंगाला उभी राहायची, कमरेचा पट्टा मुठीत धरायची आणि कानाशी पुटपुटायची, "टाका पाऊल, आजी, मी आहे." आत्या टाकायची. तिचा एकच हट्ट होता, घरात स्वतःच्या पायानं शिरायचं. "मला उचलून न्यायचं नाही कुणी. मी काय कपाट आहे?"

सर अधूनमधून फेरीला येत आणि खाटेच्या पायथ्याशी उभं राहून म्हणत, "प्रगती समाधानकारक आहे."

"कुणाची?" आत्या विचारायची.

एके दिवशी विश्वस्त मंडळी विभाग पाहायला येणार असं ठरलं. त्यानंतर सरांच्या पदापुढचा 'प्रभारी' शब्द जायचा होता. सरांनी मनाशी बेत केला, त्यांच्यासमोर आपण स्वतः रुग्ण चालवायचा. रुग्णही घरचाच.

"तू?" आत्या म्हणाली. "शेवटचं कुणाला उभं केलंस, आठवतंय तरी का?"

"हात विसरत नसतात, आत्या."

"हात नसतील विसरत. ते ज्याला लागलेत तो विसरतो."

तरी भाच्याच्या हौसेखातर ती तयार झाली. विश्वस्त आले, फोटोवाला आला. सर नेमके डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "सर, तिथं तुमच्या तोंडावर अंधार येतोय. खिडकीकडून या ना."

खिडकी उजवीकडे होती. सर उजवीकडे गेले.

"सर, डावी बाजू..." चिमणी कुजबुजली.

"मला शिकवू नकोस," सर हसऱ्या ओठांतून म्हणाले आणि त्यांनी आत्याचं धडधाकट कोपर धरलं.

"बाळ्या, इकडे माझं काही बिघडलेलं नाही रे. तिकडे ये."

बाळ्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. उजवं पाऊल पडलं, कॅमेरा चमकला. मग डाव्यावर भार आला आणि गुडघा ओल्या कागदासारखा दुमडला. आत्या सरांपासून दूर, डावीकडे कलंडली. त्यांच्या मुठीत तिची बाही तेवढी राहिली. चिमणी झेपावली, आत्याला कवेत घेऊन जमिनीवर बसली. आत्याला खरचटलंही नाही. चिमणीचं ढोपर मात्र सोलवटलं.

"वा! काय चपळ माणसं तयार केलीत तुम्ही!" एक विश्वस्त सरांना म्हणाले.

'प्रभारी' शब्द संध्याकाळीच गळून पडला. आत्या मात्र त्यानंतर उठेना. चिमणीनं विनवलं, दटावलं, रुसूनही पाहिलं. "पोरी, मन म्हणतं ऊठ," आत्या म्हणायची, "पाय म्हणतात, कुणाच्या भरवशावर?" तिला खुर्चीतूनच घरी पाठवायचं बोलणं सुरू झालं. सर भेटायला आले तर म्हणाली, "तुझं काम झालं ना? मग बसू दे मला."

सरांनी यावर उपाय म्हणून बैठक बोलावली.

तोवर फोटो मोठा करून विभागाच्या दाराशी लागला होता. हसरे सर, ताठ आत्या, खिडकीचं सोनेरी ऊन. एका दुपारी सरांना बाहेरून शिकवणाऱ्या बाईंचा आवाज ऐकू आला. "नीट बघा. या चित्रात काय चुकलंय?" शिकाऊ मुलं एका सुरात ओरडली, "बाजू!" आणि मग जो हशा उसळला, तो दार लोटून घेतलं तरी आत येत राहिला.

सर बराच वेळ हातांकडे बघत बसले. मग कोट खुर्चीला अडकवून बाह्या सारत आत्याच्या खाटेशी गेले. या वेळी डावीकडून.

"आत्या, चुकलो." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "मी धरू?"

"तुझे हात गार आहेत." आत्यानं त्यांना खालीवर न्याहाळलं. "डाव्या अंगाला चिमणी. पण मागून चाकाची खुर्ची आणायला कुणीतरी लागतं, मी मोडले तर बसवायला. एरवी शिकाऊ पोरं आणतात. जमेल?"

"जमेल."

"कॅमेरा नाहीये हां."

चिमणीनं पट्टा धरला. आत्या थरथरत उठली, थांबली, तिनं मागे वळून खुर्ची खरंच आहे ना हे पाहून घेतलं आणि पाऊल टाकलं.

"बाळ्या, अंतर ठेव. टाचेला लागलं तर तुला अनपेक्षित घटना दाखवीन."

दाराशी पोचल्यावर तिनं फोटोकडे मान वर केली. "मी छान दिसतेय की! हा घरी लावायचाय मला. तुझी बाजू तेवढी कापून दे."

"देतो," सर म्हणाले. त्यांची नजर फोटोवर नव्हती. ती आत्याच्या डाव्या गुडघ्यावर होती, आणि रिकाम्या खुर्चीच्या मुठींवरचे त्यांचे हात घामानं ओले झाले होते.